वखारीतले पलंग आणि अध्यक्षपदाचं वर्ष

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. तेवढ्या बारा महिन्यांपुरती क्लबच्या अध्यक्षाच्या गळ्यात कॉलर, म्हणजे पदाचा पट्टा, असते आणि टेबलावरची पितळी घंटा वाजवायचा मान त्याचा असतो. त्यातला पहिला महिना पदग्रहणात आणि सत्कारांत जातो, शेवटचे दोन डिस्ट्रिक्टला, म्हणजे रोटरीच्या आपल्या विभागाला, पाठवायच्या रिपोर्टांत. मध्ये गणपती, दिवाळी, लग्नसराई, मार्चएंड. उरलेल्या दिवसांत ‘आपल्या वर्षातलं’ काहीतरी उठून दिसलं पाहिजे असं प्रत्येकाला वाटतं. मागच्यानं वह्या वाटल्या असतील तर हा दप्तरं वाटतो. एका अध्यक्षांनी बसस्टँडवर थंड पाण्याचा कूलर बसवला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा नळ गेला. शे-दीडशे रुपयांचा नळ. पण कूलर मागच्या वर्षातला, त्यामुळे तो बदलायचा ठराव कुणी आणलाच नाही. कूलर अजून तिथंच आहे. त्याच्या आडोशाला एक बाई फुलं विकायला बसते.

२०२३-२४ साली ती कॉलर माझ्याकडे आली. कर्नाटकातल्या निपाणीपासून जवळच एका गावात माझं मेडिकल आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते वाचतील आणि आपापलं ओळखतील, तेवढं पुरे.

आमच्या क्लबात बायका पूर्वीपासून होत्या, पण ‘अ‍ॅन’ म्हणून. रोटेरियनची बायको ती अ‍ॅन आणि पोरं ती अ‍ॅनेट. बायकांना सदस्य करून घ्यायची वाट रोटरीनं १९८९ च्या नियम ठरवणाऱ्या कौन्सिलमध्ये जगभर मोकळी केली. आमच्या गावापर्यंत ती पोचायला आणखी तीसेक वर्षं गेली. माझे यजमान क्लबात नाहीत, त्यांना मीटिंगांचा कंटाळा. त्यामुळे मला अ‍ॅन व्हायची सोयच नव्हती, सरळ सदस्यच व्हावं लागलं. अध्यक्षपद आलं तेव्हा गावात पहिली बाई अध्यक्ष म्हणून माझं थोडं कौतुक झालं. त्याचा उपयोग एवढाच झाला, की पहिले दोन महिने माझ्या तोंडावर कुणी भांडलं नाही.

अध्यक्ष होण्याआधी ‘पेट्स’ नावाचं प्रशिक्षण असतं. तिथं माझ्या एका बाजूला कोल्हापूरचे होणारे अध्यक्ष बसले होते, दुसऱ्या बाजूला गोव्याचे. आमच्या डिस्ट्रिक्टचा नंबर ३१७० आणि त्यात बेळगाव, कोल्हापूर, धारवाड आणि गोवा एकत्र आहेत. सीमाप्रश्न कोर्टात पडलाय, पण रोटरीच्या नकाशात बेळगाव आणि कोल्हापूर केव्हाचेच एकत्र नांदतात. हे मी तिथं बोलून दाखवलं, मराठीवाले हसले आणि हुबळीचे एक अण्णाही हसले. तेवढ्यावरच थांबलं, कारण क्लबच्या व्यासपीठावर राजकारण आणायचं नाही हा रोटरीचा जुना दंडक आहे. आमच्या भागात तो दंडक नसता तर क्लब कधीच फुटला असता, असं माझं मत आहे.

माझ्या डोक्यात एकच काम होतं: रुग्णसाहित्य केंद्र, म्हणजे आजाऱ्याला लागणारं सामान गरजेपुरतं वापरायला द्यायचं आणि परत घ्यायचं. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की कुठल्या घरात काय चाललंय ते औषधांच्या चिठ्ठीवरून कळतं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून किंवा बेळगावच्या सिव्हिलमधून घरी येते. सून विचारायला येते, पलंग वर-खाली होणारा कुठं भाड्यानं मिळतो का, कमोडची खुर्ची केवढ्याला. दीड-दोन महिन्यांपुरतं लागणारं सामान विकत घ्यायचं म्हणजे त्या घरावर हातउसन्याची पाळी. आणि दुसरीकडे, ज्यांचा माणूस गेलाय त्यांच्या माडीवर तोच पलंग कापड टाकून पडलेला. दोन्ही गिऱ्हाइकं माझीच.

काम काही नवीन नव्हे. महाराष्ट्रात कितीतरी गावांत अशी केंद्रं आहेत. अडचण होती ती आमच्या वर्षाच्या हिशोबाची. वह्या एका संध्याकाळी वाटून होतात. पलंग दिला की तो परत येतो, पुसावा लागतो, दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि हे कुठल्याही तीस जूनला थांबत नाही. म्हणून कॉलर गळ्यात पडायच्या आधीच, मार्च महिन्यात, मी माझ्यानंतरच्या आणि त्याच्यानंतरच्या अशा दोन्ही अध्यक्षांना दुकानाच्या माडीवर चहाला बोलावलं. एकाचं खत-बियाण्यांचं दुकान, घरी कन्नड, दुकानात दोन्ही. दुसरा तरुण सिव्हिल इंजिनिअर. त्यांना म्हटलं, तुम्ही दोघं तयार असाल तरच मी हे सुरू करते. तीन वर्षं केंद्राचं नाव बदलायचं नाही, पहिल्या वर्षीचे पैसे दुसऱ्या कार्यक्रमाकडे वळवायचे नाहीत आणि उद्घाटनाच्या पाटीवर कुणाचंच नाव घालायचं नाही. इंजिनिअर लगेच हो म्हणाला. खतवाले अण्णा कपातला चहा संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “अक्का, फुकट दिलेला माल परत येत नाही बघा.” मी म्हटलं डिपॉझिट घेऊ. “नोडूण,” म्हणजे बघू या, म्हणाले, आणि सही केली.

मग यादीचं काम. आमच्या क्लबात कागदावर चाळीसेक सदस्य होते आणि मीटिंगला पंधरा-सोळा यायचे. इथं एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. रोटरी इंटरनॅशनलची वर्गणी वर्षातून दोनदा, १ जुलै आणि १ जानेवारीला यादीवर जितकी नावं असतील त्यावर लागते, आणि ती डॉलरमध्ये. म्हणजे जो माणूस पाच वर्षांत फिरकला नाही त्याचेही पैसे क्लब भरतो, आणि डॉलर वाढला की जास्त भरतो. यादी कमी केली तर डिस्ट्रिक्टमध्ये क्लब लहान दिसतो, म्हणून कुठलाच अध्यक्ष नावं काढत नसे. सेक्रेटरीला बरोबर घेऊन मी एकेकाच्या घरी गेले. कुणी कायमचे पुण्याला मुलाकडे गेलेले, कुणाचा धंदा बुडालेला आणि वर्गणी द्यायची लाज वाटत होती म्हणून येत नव्हते. अशा दोघांना आम्ही वर्गणी हप्त्यानं भरायला सांगितली, ते परत आले आणि आज सगळ्यात जास्त राबतात. बाकी डझनभर नावं जूनअखेर काढली. डिस्ट्रिक्टकडून फोन आला: मॅडम, मेंबरशिप वाढवायची असते, तुम्ही कमी करताय. मी म्हटलं, वाढवतो की, आधी आहेत ती मोजू दे.

दर बुधवारची मीटिंगही सोडली. महिन्यातून दोन मीटिंगा चालतात असं २०१६ पासून रोटरीनंच ठरवून दिलंय, पण आमचे जुने सदस्य दर आठवड्याच्या मीटिंगला धर्म मानायचे. जेवणाचा खर्च निम्म्यावर आला हा मुद्दा त्यांना पटला नाही, पण ट्रेझररला पटला, आणि क्लबात ट्रेझररचं मत दोन मतांचं असतं. पहिला आणि तिसरा बुधवार ठरला.

कॅलेंडर नीट बघितलं तर नोव्हेंबरचा पहिला बुधवार एक तारखेला येत होता. बेळगाव भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: १ नोव्हेंबरला इथं कर्नाटक राज्योत्सव असतो आणि मराठी माणसं काळा दिन पाळतात, १९५६ पासून. आमच्या क्लबातले काही जण त्या दिवशी शाळेत ध्वजवंदनाला असतात आणि काही जण दंडाला काळी फीत लावून बेळगावच्या फेरीला जातात. दोन तारखेला हेच लोक एका टेबलावर चहा घेतात आणि कालचा विषय काढत नाहीत. ती मीटिंग आम्ही आठ तारखेला घेतली. ठरावात कारण लिहिलं, ‘दिवाळीच्या तयारीमुळे’. दिवाळी त्या वर्षी बाराला होती, त्यामुळे खोटंही नव्हतं.

केंद्राला खरा विरोध झाला तो माजी अध्यक्षांकडून. रोटरीत त्यांना पीपी म्हणतात आणि आमच्याकडे ते पहिल्या रांगेत बसतात. “वहिनी, तुमच्या वर्षात तुमचं काय ते करा की. पुढच्याला कशाला आत्ताच बांधून घालताय?” असं एका पीपींनी विचारलं. दुसऱ्यांचं म्हणणं, असल्या कामात फोटो काय येणार? हे ते चेष्टेनं म्हणाले नव्हते, आणि मुद्दा खरा होता. कमोड खुर्ची देताना कुणाचा फोटो काढणार? वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर डिस्ट्रिक्टचे पुरस्कार ठरतात. पुरस्कार नाहीत म्हणजे परिषदेत क्लबचं नाव नाही.

त्या मीटिंगला आमच्यातले सगळ्यात जुने काका उठले. पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झालं तेव्हापासून थर्मासमध्ये बर्फ घालून डोस वाडीवस्तीवर नेणाऱ्यांतले ते एक. रोटरीनं पोलिओचं काम १९८५ साली हातात घेतलं; भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडली; देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो मार्च २०१४ ला. काकांनी या तारखा तोंडपाठ म्हटल्या आणि पहिल्या रांगेकडे बघून विचारलं, “ह्यातलं वर्ष कुणाचं होतं, सांगा बघू.” कुणी काही बोललं नाही. ठराव झाला. काकांचा मला आधी काहीच भरवसा नव्हता, कारण माझ्या पदग्रहणाच्या पत्रिकेत त्यांच्या नावाआधीचं ‘पीपी’ छापायचं राहिलं होतं म्हणून ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

पैशांचं थोडक्यात सांगते. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटचं नाव सगळे घेतात, पण त्यातला प्रकल्प कमीत कमी ३०,००० डॉलरचा लागतो. आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. दर वर्षीच्या पदग्रहणाचा हॉल, जेवण, शाली आणि स्मृतिचिन्हं यांत कपात केली. पदग्रहण शाळेच्या हॉलमध्ये झालं, जेवणाला झुणका-भाकरी आणि शिरा होता. शिल्लक पैशांत नवे असे फक्त वॉकर, काठ्या आणि दोन व्हीलचेअर घेतल्या. बाकी सगळं गावातल्या माड्यांवरून आलं.

जागा एका सदस्यानं दिली, जुन्या तंबाखूच्या वखारीतली पुढची खोली. आमच्याकडं अशा वखारी पुष्कळ आहेत. तंबाखूचा व्यापार आटला तशा एकेक बंद पडल्या. भिंतींतून तंबाखूचा उग्र वास जाता जाईना. चुना दोनदा मारला, दारं उन्हात उघडी ठेवली, कडुनिंब जाळला. दम्याच्या माणसाला द्यायचं मशिन या खोलीत ठेवायचं कसं, म्हणून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर शेवटपर्यंत माझ्या दुकानातच राहिले. खोलीत पलंग, खुर्च्या, वॉकर. खोलीचं भाडं नाही, पण लाइटचं बिल आमचं आणि मालकाच्या दोन जुन्या कपाटांना हात लावायचा नाही अशी अट. कपाटांत काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही.

माणूस गेलेल्या घरातून पलंग आणायचा, हे काम कसं करायचं ते मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. दहाव्याच्या आधी विचारायचं नाही, हे आमच्या निवृत्त कंपाउंडर मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाराव्याला घरातले लोक स्वतःच दानाचा विषय काढतात, तेव्हा बोलायचं. काही घरांतून पलंग ताबडतोब मिळाला, कारण तो डोळ्यांसमोर नको होता. काही घरांतून वर्ष झालं तरी नाही मिळाला, कारण तो डोळ्यांसमोर हवा होता. एका आजींनी व्हीलचेअर दिली आणि दर गुरुवारी येऊन ती जागेवर आहे का बघायच्या. बाहेर गेलेली असली तर खूश व्हायच्या, खोलीत दिसली तर मामांना बोलायच्या, “बसवून ठेवायला दिल्या काय?”

दात्यांना त्यावर नाव हवं असायचं. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं लाल रंगात पलंगाच्या डोक्याशी. आम्ही नाही म्हटलं. रुग्ण आडवा पडला की कै. त्याच्या डोक्यावर येणार. नाव वहीत राहील, वार्षिक अहवालात छापू, पण वस्तूवर नाही. यावरून दोन दाते परत गेले आणि एक नंतर पुन्हा आले.

आणि नेणाऱ्यांचा प्रश्न असायचा, “हा कुणाचा होता ओ?” थोडं थांबून दुसरा, “आधीचा माणूस बरा होऊन गेला का?” खरं सांगायचं तर बहुतेक पलंग ज्यांचे होते ते बरे झाले नव्हते. म्हणून आलेला प्रत्येक पलंग घासून, पांढरा ऑइलपेंट मारूनच बाहेर काढायचा असा नियम केला आणि आधी तो कुणाकडे होता ते सांगायचं नाही. मामांचं उत्तर ठरलेलं: “परत आला म्हणजे काम झालं त्याचं.” यावर लोकांचं समाधान कसं व्हायचं कोण जाणे, पण व्हायचं.

डिपॉझिटवर बोर्डात बरीच खडाजंगी झाली. पलंगाला तीन हजार, व्हीलचेअरला हजार, वॉकरला तीनशे, वस्तू चांगल्या स्थितीत परत आली की पूर्ण रक्कम परत. भाडं नाही. तीन हजारही ज्यांच्याकडे नाहीत त्यांचं काय? बिडी वळणाऱ्या बायकांच्या घरात ती रक्कम नसते. दोन सदस्यांनी तोंडी जामीन राहायचं आणि तसं वहीत लिहायचं, असा मार्ग काढला. खतवाले अण्णा याच्या विरुद्ध होते. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त जामीन तेच राहिले. एक वॉकर पेशंटबरोबर मुलीच्या घरी इचलकरंजीला गेला आणि तिकडेच राहिला; चार फोन झाले, मग एसटीच्या कंडक्टरकडे देऊन तो परत आला, रबरी बूच मात्र तीनच. आता आम्ही बुचांचा डबाच भरून ठेवतो. वॉकरचं सगळ्यात आधी झिजतं ते बूच, आणि बूच नसलेला वॉकर फरशीवर सरकतो.

कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट वेगळी. कोरोनात लोकांनी घेतलेली, कुणी कुणाला दिलेली अशी पाच लिटरची मशिनं गावात धूळ खात होती. त्यांचे फिल्टर धुऊन, बेळगावच्या एका मेकॅनिककडून ऑक्सिजनचं प्रमाण तपासून घेतलं. दोन मशिनं नुसती हवा सोडत होती, ती बाजूला काढली. चालू असलेलं मशिन पहिल्यांदा एका बिडी कामगार बाईंच्या घरी द्यायचं ठरलं, फुफ्फुसं पार गेलेली. त्यांची सून दुकानात आली आणि म्हणाली, “ताई, ते मशिन करंट लई खातंय म्हणत्यात. आमचं झिरो बिल जाईल की.”

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. कर्नाटकात २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती योजना आहे. तेव्हाच्या नियमानं आधीच्या वर्षाचा सरासरी वापर अधिक दहा टक्के, एवढी वीज फुकट होती, पण २०० युनिटच्या आत. आपल्या वाट्यापेक्षा जास्त वापरलं तर जादा युनिटचे पैसे भरायचे. पण २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल भरायचं. पाच लिटरचं मशिन साधारण साडेतीनशे वॉटचं. दिवसरात्र चालवलं तर रोजचे आठ-साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. घरातले दिवे, पंखा वेगळेच. इंजिनिअरनं दुकानाच्या पॅडवर हे मांडलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग डॉक्टरांना विचारलं. घरी कायमचा ऑक्सिजन लागणाऱ्याला दिवसाचे पंधरा तास तरी द्यावा लागतो, रात्रीचे तास धरून. या बाईंना तेवढे पुरतील असं त्यांनी लिहून दिलं. पंधरा तासांचे महिन्याला दीडशेच्या वर थोडे युनिट होतात. त्या घराचा वापर चाळीसच्या आत होता. म्हणजे २०० च्या आत राहता येत होतं, पण जेमतेम. तेव्हापासून मशिन देताना किती लिटरवर आणि किती तास हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय देत नाही, आणि जादा युनिटचा खर्च पहिले तीन महिने क्लब भरतो. या ठरावाला बोर्डात एकही विरोधी मत पडलं नाही. पहिल्या रांगेतलेसुद्धा गप्प होते.

त्याच सुमाराला केंद्रात बायका यायला लागल्या. सदस्य म्हणून नव्हे, मदतीला. शक्ती योजनेमुळे कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतून दोघीतिघी शनिवारी सकाळी येऊन गाद्या पुसणं, वही लिहिणं करायच्या. त्यांतल्या एकीला निर्जंतुक करायचं द्रावण किती पाण्यात किती टाकायचं ते मामांपेक्षा चांगलं कळायला लागलं. वही मराठीत, पावती दोन भाषांत. वर्षअखेरीला त्यांतल्या दोघींना सदस्य करून घ्यायचा विषय मी मांडला, तर वर्गणीचा प्रश्न आला. तो सुटला नाही. क्लबची वर्गणी त्यांच्या महिन्याच्या कमाईएवढी आहे आणि फुकट सदस्य करायला नियम आडवे येतात. त्या अजून येतात, आणि सदस्य नाहीत. मला हे बोचतं.

महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटक सरकारनं त्यावर आक्षेप घेतला. झालं, केंद्रात पलंग न्यायला आलेले लोक योजनेचे फॉर्म विचारायला लागले. एका सदस्यानं पत्रकं आणून ठेवली. मी ती उचलून त्यांच्याच हातात दिली. उपचार कोल्हापूरला करायचे की बेळगावला हे ज्याचं त्यानं ठरवावं. वखारीच्या खोलीत आम्ही पलंग देतो. ते रागावले. घरी मी स्वतः ती योजना तीन नातेवाइकांना समजावून सांगितली होती, हे त्यांना माहीत होतं म्हणून जास्तच रागावले.

पाटीचा प्रश्न फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. फलकावर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ साली झाला आणि ठिकठिकाणी पाट्या उतरायला लागल्या. आमच्या खोलीवर तोवर पाटीच नव्हती, खडूनं बाण काढला होता. नवी करायची म्हणताच बोर्डात गेल्या कित्येक वर्षांचं सगळं वर आलं. मराठी खाली कसं चालेल, इथं कन्नड वाचणारे किती, नियम मोडला तर खोली बंद पडेल. खतवाले अण्णा या चर्चेत एक अक्षर बोलले नाहीत, मला वाटतं ठरवून. तासाभरानं पेंटरला फोन लावला. तो आमच्यापेक्षा जास्त पाट्या रंगवतो. म्हणाला, कन्नड वर मोठं, त्याखाली मराठी, आणि मोबाईल नंबर एवढा मोठा करतो की दुसरं काही वाचावं लागणार नाही. नंबरचे आकडे कुठल्या भाषेत धरायचे यावर आणखी थोडा वेळ गेला. पाटी लागली. दोघांनी त्या संध्याकाळी चहा घेतला नाही. पुढच्या मीटिंगला घेतला.

डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची भेट आली तेव्हा त्यांना खोली दाखवली. दाखवण्यासारखं त्या दिवशी फारसं नव्हतं, कारण पलंग एक सोडून सगळे बाहेर होते. सेक्रेटरी हळूच म्हणाला, दोन तरी ठेवायला हवे होते. पुरस्कार मिळाला नाही.

३० जूनला कॉलर खतवाल्या अण्णांच्या गळ्यात गेली. जुलै २०२४ च्या अखेरीला वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं, पूल पाण्याखाली गेले, आणि वखारीच्या खोलीत ओल आली तेव्हा पलंग विटांवर चढवायला आम्ही सगळेच होतो. पण त्याआधीच, नव्या वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला, अण्णांनी ठराव आणला: पलंगाचं डिपॉझिट तीनवरून पाच हजार. जामिनाची सोय तशीच राहील. मी विरोधात बोलले, आकडे दाखवले, बुडालेल्या वस्तू किती थोड्या आहेत ते सांगितलं. मतदान झालं आणि मी हरले. दुसऱ्या दिवशी नवं दरपत्रक मीच टाइप करून खोलीच्या दारावर चिकटवलं, कारण प्रिंटर माझ्या दुकानात आहे.